दोनदा बुडवायचे हात

कंपनीच्या आतल्या खोलीच्या दारात स्पिरिटचा टोप ठेवलेला असायचा. स्टीलचा, पसरट, लग्नात वरण काढतात तेवढा. आत जायचं तर आधी साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, मग मनगट बुडेपर्यंत त्या टोपात घालायचे, आणि पुसायचे नाहीत. दोन्ही पंजे छातीसमोर उभे धरून, कशाला म्हणून न लावता, वाऱ्यावर सुकवायचे. असे हात वर करून बायांची रांग दारातून आत सरकायची. पहिल्या दिवशी हंसाला हसूच फुटलं होतं. पोलिसांनी धरून आणल्यात की काय सगळ्या, असं तिला वाटलं.

बाकीच्या बाया हात एकदा बुडवायच्या. हंसा दोनदा. तिला तसं बजावलंच होतं.

त्याचं असं झालं. ही गोष्ट सत्त्याऐंशी सालची. बोईसरच्या एमआयडीसीत इंजेक्शनचं औषध बाटल्यांत भरणारी ती कंपनी नवी होती, आणि भरलेल्या बाटल्या उजेडाच्या पेटीसमोर धरून आत कचरा-बिचरा आहे का ते बघायला बाया हव्या होत्या. बाईची नजर बारीक आणि हात हलका, म्हणून बाया. हंसा मुरब्याहून एसटीने आली, उभी राहिली, आणि तिला घेतलंही. सुपरवायझर होता चंद्रभान साहेब, नगरकडचा, किडकिडीत, खिशाला दोन पेनं लावणारा. यादी वाचता वाचता तो हंसाच्या नावाशी थांबला.

"कुठून येता बाई?"

"मुरब्यावरून."

"मासेवाल्या का?"

"हो."

"मग तुम्ही दोनदा बुडवायचे हात. वास राहता कामा नये. आत औषध आहे, लोकांच्या अंगात जायचं असतं ते."

सगळ्यांसमोर म्हणाला. वाईट माणूस नव्हता, त्याला त्यात काही वावगंही वाटलं नसेल. हंसाच्या मागे चिंचणीची एक बाई होती, तिने आपलं गाव विचारायच्या आत "वाडी आहे आमची, चिकूची" असं सांगून टाकलं आणि एकदाच हात बुडवून पार झाली.

खोटं कशाला बोला, हंसाला त्या दिवशी राग आलाच नाही. लाज वाटली. राग आला असता तर बरं झालं असतं हो, पुढचं पुष्कळ टळलं असतं.

पण राग करायची तिला मुभा कुठे होती! तिचा नवरा कमलाकांत दोन वर्षांपूर्वी भावकीच्या बोटीवर नांगराचा दोर ओढत होता. दोराचा फास पडला आणि उजव्या हाताची तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी उरली. त्या हाताने दोर धरवेना, जाळं ओढवेना, आणि बोटीवर उभा ठेवायला कोण घेतं माणसाला? घरात सासू हिराबाय, साठीला टेकलेली, अजून टोपली डोक्यावर घेऊन बोईसरच्या बाजारात बसायची. नणंद पुष्पलता एकोणीस वर्षांची, तिच्या लग्नाचं बघायचं होतं. कमलाकांत एकदा दारात बसल्या बसल्या स्वतःचा पंजा बघत म्हणाला होता, "आता या घरात धड हात तेवढे तुजे, हंसा." चेष्टेने म्हणाला, पण हसलं कोणीच नाही. हिराबायने तर तोंड फिरवलं.

ते धड हात घेऊन हंसा रोज कामाला जायची.

पहिला महिना काही वाटलं नाही. उलट स्पिरिटने हात गार पडायचे, बरं वाटायचं. दुसऱ्या महिन्यात हाताची कातडी पांढरी दिसायला लागली, पापुद्रे सुटायला लागले. मग बोटांच्या सांध्यावर बारीक चिरा पडल्या. त्या चिरांत स्पिरिट गेलं की असा चरका बसायचा, की हंसा डोळे गच्च मिटून घ्यायची. रांगेत तिच्या मागे रत्नाबाई असायची. बार्शीकडची थोराड बाई, नवरा तारापूरच्या वीज केंद्राच्या बांधकामावर. पाच-सहा वर्षं अशाच कंपन्यांतून काम केलेली. तिने हंसाचे मिटलेले डोळे बघितले.

"हुतंय सुरवातीला," रत्नाबाई म्हणाली. "सवय हुती मग."

तिची झालेलीच होती. कँटीनमधला वाफाळता चहाचा ग्लास, जो बाकीच्या बाया पदराने धरायच्या, तो रत्नाबाई सरळ मुठीत धरून प्यायची. हंसाला तिचं कौतुक वाटलं. आपलीही होईल सवय, असं तिने मनाशी धरलं.

घरी आल्यावर ती खोबरेल चोळायची. पण सकाळी चोळायची सोय नव्हती. तेलकट बोटाचा ठसा काचेवर उमटला की बाटली बाद, आणि बाई साहेबाच्या डोळ्यात. बरं, सकाळी घरातही काम असायचंच. हिराबायने किनाऱ्यावरून आणलेला म्हावरा निवडायचा, बोंबलांना मीठ लावायचं. चिरांत मीठ गेलं की हंसा पाय आपटायची. ते बघून एके दिवशी कमलाकांतने टोपली तिच्यापुढून ओढली. "तू हात नाय लावायचा याला. पुष्पा करील," म्हणाला. तेव्हापासून हंसाने मासळीला बोट लावलं नाही. जेवतानासुद्धा ती डाव्या हातात चमचा धरून खायला लागली, पुष्पा तिला मडमीण म्हणून चिडवायची.

म्हणजे आता हाताला वास यायचं काही कारणच उरलं नव्हतं. तरी हंसा दोनदा बुडवतच राहिली.

आणि एका दुपारी कँटीनमध्ये शेजारच्या टेबलावरच्या एका बाईने नाकाला पदर लावला आणि डबा घेऊन दुसरीकडे जाऊन बसली. झालं! आता बोईसरला नाकाला पदर लावायला कारणं का कमी आहेत? एका रस्त्याने गेलं तर सडक्या अंड्याचा वास, दुसऱ्याने गेलं तर डोळ्यांतून पाणी, गटाराचं पाणी आज पिवळं तर उद्या जांभळं. त्याचं कुणाला काही नाही. त्या बाईला कसला वास आला देव जाणे. पण हंसाला वाटलं, माझाच. तिने बोटं नाकाशी नेली. स्पिरिटचा वास आला. त्याच्याखाली आणखी काही आहे का, ते तिला कळेना. जन्मापासून ज्या वासात वाढलो तो आपल्याला येणार कसा?

दुसऱ्या दिवसापासून ती हात तीनदा बुडवायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं. चंद्रभान साहेबाची पाठ फिरली की हळूच तिसऱ्यांदा.

पावसाळ्यात हात बिघडले ते बिघडलेच. बोटांच्या बेचक्यांत लाल रेघा, तळहाताला भेगा, तिथून कधी पाणी यायचं तर कधी रक्त. कणीक मळणं पुष्पाकडे गेलं. वेणी घालणं गेलं. मोहरीची फोडणी टाकताना वाफ लागली तरी हात मागे यायचा. पण बाटली मात्र ती अशी धरायची की साहेबाने दोनदा म्हटलं, "हंसाबाई, तुमचं काम नंबर एक. एक कण सुटत नाही." त्या शब्दांवर हंसा आठवडाभर चालायची. खोटं वाटेल, पण घरी येऊन ते तिने कमलाकांतला तीन वेळा सांगितलं. त्यानेही तीन वेळा ऐकून घेतलं.

गणपती गेले आणि कंपनीत बातमी आली. आठ बायांना कायम करणार. कायम! म्हणजे कुणी उद्या येऊ नको म्हणणार नाही. आजारी पडलं तर दवाखान्याचं कार्ड, घरच्यांनाही चालणारं. कमलाकांतच्या पंज्यात अजून कळा यायच्या, तो कुणा डॉक्टरला दाखवता आला असता. पुष्पासाठी येणाऱ्या पाहुण्यांना सांगता आलं असतं की वहिनी कंपनीत कायम आहे. चंद्रभान साहेबाने यादीत हंसाचं नाव चौथं घातलं. स्वतः दाखवलं तिला. "फक्त डॉक्टर तपासणार," म्हणाला. "येत्या सोमवारी. डोळे, छाती आणि हात. हात साफ पाहिजेत, बाकी काही नाही."

हंसाने हात पाठीमागे घेतले.

त्या आठवड्यात शुक्रवारच्या आठवडी सुट्टीला जोडून मशीनच्या दुरुस्तीसाठी शनिवार-रविवार खातं बंद राहणार होतं. तीन दिवस स्पिरिट नाही. गुरुवारी संध्याकाळी हंसा घरी आली ती सरळ सासूसमोर जाऊन बसली आणि दोन्ही पंजे पुढे केले. हात चिरतात एवढं हिराबायला ठाऊक होतं, पण पंजे तिने म्हातारीला पुरते कधी बघू दिले नव्हते.

हिराबायने बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"अगो बया बया! हे काय करून घेतलंस? आन बोलली नायस ती?"

"सोमवारी डाक्टर हात बघणार हाय, आये. हात बरे नाय झाले तर मला काडतील."

म्हातारी उठली. पडवीच्या कोपऱ्यात एक डबा होता, पत्र्याचा, वर फडकं बांधलेला. त्यात मुशीच्या, म्हणजे लहान शार्क माशाच्या, काळजाचं तेल. बोटीच्या फळ्यांना कीड लागू नये म्हणून ते चोपडतात, आणि खाऱ्या पाण्याने, दोराने माणसाचे हात फाटले की हातालाही तेच चोळतात. हिराबायचा बाप चोळायचा, नवरा चोळायचा, कमलाकांतचा पंजा शिवल्यानंतर त्यालाही तेच चोळलं होतं. मुरब्यात हाताला दुसरं औषध कुणी ऐकलेलं नाही.

म्हातारीने हंसाचे हात मांडीवर घेतले आणि बोटाबोटाला तेल जिरवलं. वर जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळल्या. शुक्रवारी दोनदा, शनिवारी दोनदा, रविवारी दोनदा. पुष्पा तिला घास भरवायची. कमलाकांत आपल्या डाव्या हाताने तिचे केस विंचरायला गेला आणि असा काही गुंता करून ठेवला की हिराबायला हसता हसता ठसका लागला. कितीतरी दिवसांनी त्या घरात कुणी असं हसलं.

आणि तेल लागू पडलं! रविवारी संध्याकाळी चिंध्या सोडल्या तर भेगा मिटत आल्या होत्या, बेचक्यांतली लाली उतरली होती, कातडी मऊ झाली होती. हंसाने मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली. दुखेना. तिला रडूच कोसळलं. "रडतंस काय येडी," हिराबाय म्हणाली, आणि स्वतःही डोळे पुसायला लागली.

सोमवारी सकाळी हंसाने साबणाने दोनदा हात धुतले, सगळ्यांच्या नाकाशी धरले. "बगा बरं, वास येतो काय?" पुष्पाने हुंगलं, कमलाकांतने हुंगलं, हिराबायने हुंगलं. "कसलापण नाय," तिघंही म्हणाली. तिघंही खरं बोलत होती. त्या तेलाचा वास त्यांना यायचाच नव्हता. तो त्यांच्या दाराला होता, चटईला होता, झोपताना अंगावर घ्यायच्या चादरीला होता. अख्ख्या घरात त्या वासाला वास म्हणणारं नाक नव्हतं.

एसटी नांदगावच्या पुढे गेली तेव्हा कंडक्टर तिकिटं फाडत मागे आला. हंसाच्या बाकाजवळ येऊन त्याने नाक वर केलं.

"टोपली कुणाची आहे? म्हावऱ्याची टोपली टपावर टाकायची, किती वेळा सांगायचं तुम्हाला?"

त्याने वाकून बाकाखाली बघितलं. टोपली नव्हती. हंसाच्या मांडीवर जेवणाचा डबा आणि त्यावर तिचे दोन हात. समोरच्या दोन मुली तोंडाला रुमाल लावून एकमेकींकडे बघत होत्या. कंडक्टरला काय ते कळलं, तो पुढे गेला. हंसाला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

बोईसरच्या नाक्यावर उतरल्याबरोबर ती किराणा दुकानात शिरली आणि धुण्याचा सोडा घेतला. कंपनीच्या कुंपणाबाहेर एक हापसा होता. तिथे बसून ती सोडा घेऊन हात घासायला लागली. मग वाळूनेही घासले. तेल कातडीत तीन दिवस जिरवलेलं, ते का असं निघतंय? वास घ्यायची, आणि पुन्हा घासायची. आता तिला तो वास यायला लागला होता, कंडक्टरने दिलेल्या नाकाने. मग ती आत गेली आणि स्पिरिटच्या टोपाशी उभी राहिली. अजून कुणी आलं नव्हतं. एकदा, दोनदा, तीनदा, चारदा. पाचव्यांदा तिने हात आत घातले ते बाहेरच काढले नाहीत. ओठ चावून उभी राहिली. नव्याने आलेली कोवळी कातडी ती, सोड्याने सोललेली. हात भट्टीत घातल्यासारखे पेटले. रत्नाबाईने येऊन तिला दंडाला धरून मागे ओढलं, तेव्हा कुठे ते बाहेर आले.

"काय केलंस गं हे, पोरी!"

हात लाल भडक झाले होते. बोटं सुजून वर आली होती आणि भेगांतून पाणी सुटलं होतं.

डॉक्टर वयस्कर होते, बाहेरून बोलावलेले. त्यांनी हंसाचे पंजे हातात घेतले आणि कितीतरी वेळ उलटसुलट बघितले. आजवर कंपनीत कुणी तिचा हात असा हातात घेतला नव्हता.

"फार दुखत असेल," डॉक्टर म्हणाले.

"नाही," हंसा म्हणाली. डोळ्यांतून पाणी चाललं होतं.

"हे स्पिरिटमुळे आहे. सोसत नाही काहींना. रोग नाही हा, पण दोन-तीन महिने स्पिरिटला हात लावायचा नाही. सोडा नाही, खारं पाणीसुद्धा नाही. नाहीतर कायमचं होऊन बसेल. हात जपा, बाई."

मायेने म्हणाले. आणि मायेनेच त्यांनी कागदावर तसं लिहून दिलं.

कागद चंद्रभान साहेबाकडे गेला. त्याने वाचला, टेबलावर ठेवला, पुन्हा वाचला. त्याला वाईट वाटलं, ते दिसत होतं. पण वाईट वाटून काय होतं?

"स्पिरिटशिवाय आत सोडता येत नाही, हंसाबाई. आणि अशा हातांनी तर मुळीच नाही. एक थेंब बाटलीवर पडला तर सगळा माल फेकावा लागेल."

"साहेब, दुसरं काहीपण काम द्या. झाडू मारते."

"झाडूवाल्या कंत्राटदाराच्या असतात."

मग हंसाच्या तोंडून ते निघालं. आयुष्यात पहिल्यांदा ती कुणा साहेबाला उलटून बोलली असेल. "साहेब, दोनदा बुडवा म्हणून तुम्हीच सांगितलं होतं. बाकीच्यांना एकदा आणि मला दोनदा. त्याने झाले हात असे."

चंद्रभान साहेबाने तिच्याकडे बघितलं. मग शांतपणे म्हणाला, "मी दोनदा सांगितलं होतं. तीनदा कुणी सांगितलं? मी बघत होतो, बाई. तुम्ही रोज तीनदा बुडवत होता. मला वाटलं, मन लावून करतेय, करू दे."

हंसा काय सांगणार? की एका बाईने नाकाला पदर लावला म्हणून? तिच्या बाजूने बोलायला एक शब्द नव्हता, तिच्याजवळसुद्धा नाही.

"घरात दुसरं कुणी असेल तर पाठवा," तो दारापर्यंत येऊन म्हणाला. "तुमच्यासारखं काम करणारं. मी घेईन, शब्द देतो."

बाहेर रत्नाबाई थांबली होती. तिने हंसाला जवळ घेतलं आणि ती मोठी बाई हमसून रडायला लागली. "त्याच वक्ताला तुला म्हणायला पाहिजे हुतं, जा बाई हितनं. ही बघ माजी सवय," तिने बोटं पुढे केली, "सुई टोचली तरी कळत न्हाई आता. पण शेजारी चांगली बाई बसली हुती, तू जाऊ नये वाटलं. म्हनून म्हनले न्हाई."

घरी हंसाने सगळं सांगितलं. एसटीतलं तेवढं सांगितलं नाही. हिराबाय त्या डब्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "माज्या हातानं केलं मी." तिला कुणी तसं म्हणालं नव्हतं.

आठ दिवस हंसा घरी बसली. नवव्या दिवशी कोळंबीची टोपली तिने पुढे ओढली. कंपनी गेली तर गेली, आपलं काम आहे, त्याला कुणाचा डॉक्टर लागत नाही. पहिली कोळंबी सोलली आणि तिचं पाणी भेगेत गेलं. दुसरी तिने दात खाऊन सोलली. तिसरी हातातून पडली. पुष्पाने हळूच टोपली काढून घेतली. ज्या हातांचा वास जावा म्हणून एवढं केलं, ते हात आता मासळीलाही चालेनात. कमलाकांत दारात बसून सगळं बघत होता. धड हातांचं मागे बोललेलं त्याला आठवलं असेल.

पुष्पाला पाठवायचं कुणी ठरवलं, ते सांगता येणार नाही. चूल पेटायची तर कुणीतरी जायलाच हवं होतं. हिराबाय म्हणाली नाही, कमलाकांत म्हणाला नाही, हंसाने तर तोंड उघडलं नाही. एका सकाळी पुष्पा वहिनीचीच कामावर जायची साडी नेसून, डबा घेऊन निघाली. चंद्रभान साहेबाने शब्द पाळला.

तिला लागून तीन आठवडे झाले. एका संध्याकाळी हंसा ओट्यावर बसली होती. हात कोरडे, कडक झाले होते. मूठ पुरी मिटत नव्हती. पुष्पा एसटीतून उतरून आली, पायावर पाणी घेता घेता "आई गं" म्हणाली, आणि येऊन वहिनीच्या शेजारी बसली. दोन्ही पंजे तिने हंसाच्या मांडीवर पसरले.

"वयनी, बग ना. चरचरतंय गो सारखं."

हंसाने बघितलं. सांध्यावर कातडी पांढरी पडली होती. अंगठ्याच्या बेचक्यात एक बारीक रेघ, अजून लाल झाली नव्हती. महिन्याभरात होणार होती. पुढची रेघ कुठे पडेल, तेही हंसा बोट ठेवून सांगू शकली असती.

"कितीदा बुडवतंस?" तिने विचारलं.

"साहेब बोलले, दोनदा." पुष्पाने आवाज खाली आणला. "पण मी तीनदा बुडवते. मला वाटतं, वास ऱ्हातो."

आत भांड्याचा आवाज थांबला. हिराबाय ऐकत होती. दारात कमलाकांत बसला होता, त्याने मान वर केली नाही. उद्यापासून जाऊ नको, एवढंच म्हणायचं होतं. शब्द हंसाच्या ओठावर होते. पोरीचे हात अजून वाचले असते. त्या घरात धड हात आता तेवढेच होते.

चुलीवर भात होता. तो पुष्पाच्या पगाराचा होता.

"व्हतं सुरवातीला," हंसा म्हणाली. "सवय व्हते मग."

"खरंच?"

"हां. माजंच मेलं नशीब फुटकं, म्हणून मला नाय झाली."

पुष्पाचा चेहरा एकदम उजळला. ती उठली, साडी झटकली आणि आत गेली. हंसाला स्वतःची किळस आली. तिने आपले हात पदराखाली घेतले आणि तिथेच बसून राहिली.

आत पुष्पा आईला सांगत होती, "काय नाय गो आये, उगाच घाबरले मी. वयनी बोलली, सवय व्हते."